प्रकल्प नोंदी: अनोळखी मेल, अनामत आणि वाचणाऱ्याचा मोबदला

९ जानेवारी

आजपासून काम सुरू. संस्थेच्या मेल सर्व्हरवर येणारे नको असलेले जाहिरातींचे मेल, म्हणजे स्पॅम, कमी करायचे आहेत. हा झाला नेहमीचा भाग. दुसरा भाग सरांनी बैठकीत काढलेल्या प्रश्नातून आला: "वेळ आपला जातो, धंदा त्यांचा होतो. मग वाचायचे पैसे त्यांनी आपल्याला का देऊ नयेत?" सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेली तीस-पस्तीस वर्षं चांगले संगणकतज्ज्ञ आणि अर्थशास्त्री यावर डोकं लावत आलेत.

प्रयोगाची ढोबळ आखणी अशी. अनोळखी माणसाला आपल्याला लिहायचं असेल तर त्याने आधी थोडी अनामत ठेवायची. वाचणाऱ्याला त्रास वाटला नाही तर अनामत परत. वाटला तर एक बटण दाबून जप्त, आणि जप्त रक्कम वाचणाऱ्याच्या खात्यात. सुरुवातीला खरे पैसे नाहीत, टोकन. मला मदतीला एक कनिष्ठ सहकारी आहे. हिशेब बघणाऱ्या ताईंनाही बोलावून ठेवलंय, कारण पैसा आला की त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

१२ जानेवारी

जुने लॉग आणि लोकांनी पुढे पाठवलेल्या तक्रारी चाळल्या. ढीग आपोआप तीन झाले.

पहिला निव्वळ फसवणुकीचा: खोटी औषधं, खोट्या लॉटऱ्या, "तुमचं खातं बंद होणार आहे". संख्येने सर्वांत मोठा, पण फिल्टर त्यातला बहुतेक भाग दारातच अडवतो. दुसरा खऱ्याखुऱ्या कंपन्यांचा. कधीकाळी काहीतरी विकत घेतलं, फॉर्म भरला, खालच्या चौकटीतली खूण काढायची राहिली, आणि तेव्हापासून दर आठवड्याला सवलतीची हाक. तिसरा विक्रेत्यांचा, एकेकाला नावानिशी लिहिलेला: "माझा मागचा मेल बहुधा आपल्या नजरेतून सुटला असावा." तो सुटलेला नसतो.

तक्रारी जवळपास सगळ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाबद्दल आहेत. पहिला ढीग लोकांना दिसतच नाही. स्पॅम म्हटलं की डोळ्यांसमोर चोर येतो. लोकांना पिडतात ते मात्र रीतसर नोंदणी असलेले व्यापारी. अनामतीची योजना नेमकी कोणत्या ढिगासाठी, हे आधी ठरवायला हवं.

१५ जानेवारी

सहकाऱ्याने विचारलं, "दादा, मुळात मेल फुकट का ठेवला?" कुणी तसं ठरवून केलं नाही. संगणकांच्या पहिल्या जाळ्यावर सगळे एकमेकांना ओळखणारे संशोधक होते, आणि खर्च ज्याच्या त्याच्या संस्थेचा. तरी नोव्हेंबर १९७५ मध्येच जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७०६ या छोट्याशा टिपणात लिहून ठेवलं होतं की एखादं यंत्र नको ते संदेश पाठवत सुटलं, तर त्याचे तेवढे संदेश नाकारण्याची सोय या जाळ्यात नाही. टिपणाच्या शीर्षकातच 'जंक मेल' हे शब्द आहेत. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम धाडलं. व्यापारी स्पॅमचा इतिहास बहुतेक जण तिथून मोजतात.

टपालाचा इतिहास याच्या अगदी उलटा. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणारा देई. लोक पाकिटावर खाणाखुणा करून निरोप पोचवत. घेणारा पाकीट बघायचा, काय ते समजायचा आणि पत्र परत करायचा. रोलंड हिल यांच्या सुधारणेनंतर पाठवणाऱ्याने आधीच एक पेनी भरायची पद्धत रूढ झाली. ईमेलने तो भार पुन्हा घेणाऱ्यावर टाकला: साठवण त्याची, बँडविड्थ त्याची, फिल्टरचा खर्च त्याचा, डोळेही त्याचेच. सरांचा प्रश्न म्हटलं तर १८४० चाच आहे, फक्त पेनी टपालखात्याऐवजी वाचणाऱ्याला मिळावी एवढी भर.

१९ जानेवारी

दाराची, म्हणजे अनोळखी मेल अडवून अनामत मागणाऱ्या यंत्रणेची, रचना केली. पहिला विचार असा होता की अनोळखी मेल आला की आपण उत्तर धाडायचं, "अनामत ठेवा, मग मेल पोचेल". हे करायचं नाही. स्पॅममधला 'प्रेषक' बहुतेक वेळा खोटा असतो. आपलं उत्तर भलत्याच निरपराध माणसाकडे जाणार. अशी हजारो उत्तरं गेली की आपला सर्व्हरच स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॉकलिस्टवर चढतो.

म्हणून नकार द्यायचा तो एसएमटीपीचं, म्हणजे दोन मेल सर्व्हरमधलं, बोलणं चालू असतानाच: ५५० कोड ('मेल घेत नाही'), सोबत एका ओळीत अनामतीच्या पानाचा पत्ता. मेल आपण स्वीकारलाच नाही, त्यामुळे 'पोचला नाही' हा निरोप पाठवणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर त्याला देतो. प्रेषक खोटा असेल तर बॉटवरचं (स्पॅमरने बळकावलेल्या संगणकावरचं) सॉफ्टवेअर तो कोड गिळून पुढे जातं, कुणाला काही त्रास नाही.

अनामत कुणाच्या नावावर धरायची, हेही ठरवलं. 'प्रेषक' रकान्यातलं नाव कुणीही लिहू शकतो. एकाची अनामत वापरून दुसराच मेल घुसवेल. म्हणून डीकिमची सही (मेलवरची तपासता येणारी डिजिटल सही) ज्या डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची), अनामत त्या डोमेनवरच्या पत्त्याची. एसपीएफवर (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरने पाठवावेत याच्या यादीवर) भिस्त ठेवली नाही. मेल मध्ये कुणी पुढे पाठवला की एसपीएफ मोडतं.

२४ जानेवारी

अनामत किती ठेवायची? दिवसभर याच आकड्यात अडकलो, आणि अडकणं सार्थकी लागलं.

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी 'स्टॉर्म' नावाच्या बॉटनेटमध्ये (बळकावलेल्या संगणकांच्या जाळ्यात) शिरून त्यातल्या काही स्पॅममधले दुवे स्वतः उभारलेल्या बनावट औषध-दुकानाकडे वळवले. २६ दिवस, सुमारे ३५ कोटी मेल, आणि खरेदीच्या टप्प्यापर्यंत पोचलेले फक्त २८ जण. विक्री पूर्ण होऊ दिली असती तर गल्ला झाला असता सुमारे २,७०० डॉलर.

भागाकार केला. एका मेलमागे उत्पन्न सेंटच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. म्हणजे असला स्पॅम तोट्यात घालायला सेंटचा हजारावा भाग पुरे. आता हीच रक्कम वाचणाऱ्याच्या हातात ठेवून बघू. रोज असे १०० मेल आले तर त्याला वर्षाला मिळतील ३६-३७ सेंट. त्यासाठी कुणी खातं उघडेल?

उलट बाजूने गणित मांडलं. एक मेल उघडून, नको म्हणून काढून टाकायला पाच सेकंद धरले आणि तासाची मजुरी समजा १८ डॉलर, तर भरपाई अडीच सेंट होते. धाक बसायला पुरेशी रक्कम आणि भरपाई म्हणून न्याय्य रक्कम, यांत अडीच हजार पटींचं अंतर.

सहकारी म्हणाला, "मग अडीच सेंटच ठेवू की. धाकही बसेल आणि भरपाईही होईल." बरोबर आहे, पण अडीच सेंट पहिल्या ढिगासाठी डोंगर आणि दुसऱ्या ढिगासाठी किरकोळ. खरी कंपनी छापील पत्रकाला त्याच्या कित्येक पट खर्च करते. अडीच सेंटांत हमखास इनबॉक्समध्ये पोचता येत असेल तर ती आनंदाने भरेल, आणि आज आठवड्याला एक धाडते तिथे तीन धाडेल. शिवाय आता ते मेल विकत घेतलेले. तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

२ फेब्रुवारी

जुने प्रयत्न वाचले. नोंदीपुरतं थोडक्यात.

पैशांऐवजी कष्ट घ्यायची कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये मांडली: प्रत्येक मेलमागे पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक कोडं सोडवायचं. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी याच धर्तीचं 'हॅशकॅश' केलं. बिटकॉइनच्या मूळ लेखात त्याचा उल्लेख आहे. जानेवारी २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅम सुटेल असं भाकीत केलं, त्यामागे असल्याच कोड्यांचा आणि शुल्काचा भरवसा होता. त्याच वर्षी बेन लॉरी आणि रिचर्ड क्लेटन यांनी हिशेब मांडून दाखवलं की स्पॅमर दुसऱ्यांची बळकावलेली यंत्रं वापरतो, त्यामुळे त्याला जड जाईल इतकं कठीण कोडं ठेवलं तर साधे लोकही अडतात. पैशांचंही तेच. बॉटनेटमधून मेल गेला तर बिल फाडणार कुणावर? ज्याचा संगणक हायजॅक झाला त्याच्यावर.

आमच्या योजनेच्या सर्वांत जवळचे दोन लेख. स्कॉट फाल्मन (हो, मेलमधल्या हसऱ्या चेहऱ्याचे जनक) यांनी २००२ मध्ये लिहिलं की स्वतःला व्यत्यय आणू देण्याचा हक्क माणसाने विकावा: अनोळखी माणसाने पैसे देऊ करावेत, आणि बोलणं कामाचं निघालं तर घेणाऱ्याने ते सोडून द्यावेत. २००४ मध्ये लोडर, व्हॅन अल्स्टाइन आणि वॉश यांनी हीच कल्पना पक्क्या अर्थशास्त्रात बसवली. मुद्दा असा की मेलमध्ये काय आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला नसतं. अनामत ठेवून पाठवणारा आपल्या माहितीवर पैज लावतो. त्यांच्या मांडणीत ही योजना अचूक फिल्टरलाही मागे टाकू शकते. कागदावर मला हे फार आवडलं, अजूनही आवडतं.

६ फेब्रुवारी

चौकशीच्या सार्वजनिक पत्त्यावर आणि आपणहून तयार झालेल्या काही जणांच्या पेट्यांवर दार बसवलं. टोकन फुकट, पानावर जाऊन दोन बटणं दाबली की मिळतं. म्हणजे किंमत पैशांची नाही, फक्त जरा खटपटीची.

फसवणुकीचा ढीग दारातच संपला. अपेक्षित होतं.

अडकलं कोण, ते बघा. पासवर्ड बदलायचा दुवा. प्रवासाचं तिकीट. परिषदेच्या नोंदणीची पावती. वितरकाच्या यंत्रणेतून निघालेलं बिल. ही सगळी पत्रं यंत्रं पाठवतात, आणि यंत्राला ५५० कोडातली ओळ वाचून पान उघडता येत नाही. 'नो-रिप्लाय' पत्त्यामागे माणूसच नसतो. संध्याकाळपर्यंत अशा डोमेनची पांढरी यादी, म्हणजे न अडवता आत सोडायच्यांची यादी, करत बसलो. गंमत म्हणजे त्या यादीतल्या निम्म्या कंपन्या पावतीच्याच डोमेनवरून जाहिरातीही धाडतात, त्यामुळे पावतीला दार उघडलं की मागोमाग सवलतही आत.

गटांच्या मेलचाही गुंता आहे. एखादी सभासद-संस्था हजार जणांना एक पत्र धाडते. तिने हजार अनामती ठेवायच्या? आणि कुणी खोडसाळ माणूस शंभर पत्त्यांनी सभासद झाला आणि प्रत्येक पत्रावर 'जप्त' दाबत बसला तर? तूर्त गटांच्या मेलना सूट दिली आहे. स्पॅमर स्वतःला गट म्हणवून घ्यायला वेळ लावणार नाही, हे उघड आहे.

७ फेब्रुवारी

एका विद्यार्थिनीने तिच्या प्राध्यापकांकरवी निरोप धाडला की मेल परत येतो. तिने लिहिलं होतं ते आमच्या जुन्या प्रकाशनातल्या एका तक्त्यातली चूक दाखवणारं पत्र. अनामतीचं पान तिला फसवणुकीचं वाटलं आणि तिने ते बंद केलं. शहाणी मुलगी, अनोळखी दुव्यावर जाऊन पैशांची बटणं दाबू नका, असं आपणच सगळ्यांना शिकवतो. त्याच दिवशी दोन विक्रेत्यांनी टोकन घेऊन व्यवस्थित प्रवेश केला. मेल मिळवणं हे त्यांचं कामच आहे, खटपट त्यांच्या अंगवळणी पडलेली.

म्हणजे दार नको असलेल्यांना आत घेतंय आणि हवे असलेल्यांना परत धाडतंय. खरे पैसे लावले तर हा कल वाढेल, कारण विक्रेत्याचा खर्च कंपनीच्या खात्यावर आणि विद्यार्थिनीचा स्वतःच्या खिशातून.

११ फेब्रुवारी

ताई आल्या. त्यांनी पान बघितलं आणि एकापाठोपाठ विचारत गेल्या. ठेवलेली अनामत कुणाच्या नावावर? परत जाईपर्यंत ती आपली देणी, म्हणजे ताळेबंदात दाखवायची. जप्त झाली तर उत्पन्न कुणाचं, पत्ता संस्थेचा आहे की माणसाचा? माणसाला दिली तर तो पगार की बक्षीस? आणि अडीच सेंट परत पाठवायला कार्डाच्या कंपनीचं शुल्क किती? शेवटचं मीच सांगितलं: कार्डाच्या व्यवहाराला बहुधा एक ठरावीक रक्कम लागते, आणि ती आपल्या अनामतीच्या कितीतरी पट.

"म्हणजे दहा रुपयांची वसुली करायला शंभराचा माणूस," ताई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. एकत्र खातं ठेवून महिन्याला एकदा वळतं करता येईल. तसं लिहून ठेवलं. पण मग दुसऱ्यांचे पैसे सांभाळणारी संस्था झालो आपण, आणि त्याचे नियम वेगळे.

१७ फेब्रुवारी

एक बदल करून बघितला होता. जप्त टोकनांची बेरीज प्रत्येकाला स्वतःच्या पानावर दिसू लागली, आणि महिन्याअखेर टोकनांच्या बदल्यात ग्रंथालयाच्या कुपनात थोडी भर. रक्कम क्षुल्लक.

वागणं बदललं. आधी लोक 'जप्त' क्वचित दाबत. विक्रेत्याने नम्रपणे लिहिलं असेल तर सोडून देत. आता चांगल्या, कामाच्या चौकशीवरही कुणी कुणी दाबू लागले. तसं करायला काहीच आडकाठी नाही, निकाल देणाराही तोच आणि पैसे घेणाराही तोच. एका उत्साही सहकाऱ्याने तर आपला पत्ता तीन-चार प्रदर्शनांच्या फॉर्मवर मुद्दाम टाकला. विचारलं तर म्हणाला, "येऊ देत की, आपलं काय जातंय?"

हे आधी घडून गेलेलं आहे. १९९९ मध्ये ऑलअॅडव्हांटेज नावाची कंपनी पडद्यावर जाहिरातीची पट्टी चालू ठेवायचे तासाला ५० सेंट देत असे. लोकांनी माउस आपोआप हलवणारे प्रोग्रॅम लिहिले आणि स्वतः झोपायला गेले. २००१ मध्ये कंपनी बंद पडली. लक्ष देण्याचे पैसे मिळतात म्हटल्यावर लक्ष दिल्याचं नाटक स्वस्तात तयार होतं.

बेरीज दाखवणं आणि कुपनं आजपासून बंद. सहकाऱ्यांपैकी काहींनी कुरकुर केली.

२३ फेब्रुवारी

पैसे वाचणाऱ्याकडे न जाता मध्यस्थाकडे गेले तर काय होतं, हेही तपासलं. २००६ मध्ये एओएल आणि याहू यांनी गुडमेल या कंपनीची योजना घेतली: पाठवणाऱ्याने मेलमागे पाव ते एक सेंट भरायचा, मग मेल फिल्टर चुकवून प्रमाणित खुणेसकट इनबॉक्समध्ये. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि अनेक ना-नफा संस्थांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं रास्त होतं: फुकटची वाट नीट राखण्यात मेल कंपनीला मग काय रस राहील? पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी झाली की न भरणाऱ्यांची रांग हळूहळू बिघडते. २०११ च्या सुरुवातीला गुडमेल बंद झाली.

लिंक्डइनचं 'इनमेल' मात्र चालू आहे, आणि त्यातला एक बारकावा मला पटतो. अनोळखी माणसाला लिहायला क्रेडिट खर्च होतं. ९० दिवसांत उत्तर आलं, मग ते नकाराचं का असेना, तर क्रेडिट परत. म्हणजे कुणाला पिडलं नाही तर फुकट. वाचणाऱ्याला दमडी मिळत नाही. त्यामुळे पत्ते पसरवत बसायचं कारणही त्याला नाही.

१ मार्च

कायद्याकडे वळलो. सर म्हणतात ते "वाचणाऱ्याला पैसे" हे खरं तर कायद्याने काही ठिकाणी दिलेलंच आहे, बाजारभावाने नव्हे तर दंड म्हणून.

अमेरिकेतला १९९१ चा टेलिफोन ग्राहक संरक्षण कायदा: न मागता आलेल्या जाहिरातीच्या फॅक्समागे घेणारा ५०० डॉलर मागू शकतो, जाणूनबुजून केलं असेल तर तिप्पट. फॅक्सला हे लागू पडलं कारण फॅक्समागे फोन क्रमांक होता, फोनचं बिल होतं, आणि कागद-शाई घेणाऱ्याची गेली हे डोळ्यांनी दिसत होतं. वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये दिशाभूल करणाऱ्या व्यापारी ईमेललाही ५०० डॉलर लावले. २००३ चा संघीय 'कॅन-स्पॅम' कायदा आला आणि सामान्य वाचणारा बाजूला पडला. दावा लावायचा तो सरकारी यंत्रणांनी, राज्यांनी किंवा इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी. पाठवणाऱ्यावर बंधनं अशी: खरा टपालपत्ता, नकार देण्याची चालती सोय, आणि नकार दहा कामकाजी दिवसांत पाळणं. थोडक्यात, पहिला मेल धाडायला मुभा.

मग 'सेवा देणारे' म्हणून लोक उभे राहिले. पश्चिम किनाऱ्यावरच्या अपील न्यायालयापुढे २००९ मध्ये आलेल्या एका खटल्यात वादीने स्पॅम गोळा करणं आणि त्यावर दावे लावणं हाच व्यवसाय केला होता. न्यायालयाने म्हटलं, याला कायद्याला अभिप्रेत असलेलं नुकसान झालेलंच नाही. आमच्या फॉर्म भरणाऱ्या सहकाऱ्याची आठवण झाली.

कॅनडाने उलट वाट धरली. १ जुलै २०१४ पासून आधी संमती, मग मेल. त्यातच एक तरतूद होती की वाचणाऱ्याने स्वतः दावा लावून प्रत्येक उल्लंघनामागे २०० डॉलरपर्यंत मिळवावेत. ती १ जुलै २०१७ पासून लागू व्हायची होती. जूनमध्ये सरकारने स्थगित केली. लहान व्यापारी आणि धर्मादाय संस्थांवर दाव्यांचा पाऊस पडेल, ही भीती. संमतीचा नियम मात्र कायम राहिला, आणि माझ्या मते त्या कायद्याचं वजन तिथेच आहे.

७ मार्च

सरांसमोर मांडलं. सर चटकन मानणाऱ्यांतले नाहीत, ते बरंच आहे.

"म्हणजे आपण फुकट सोसायचं?"

मी राव आणि रायली या अर्थशास्त्रज्ञांचा २०१२ चा अंदाज दाखवला. स्पॅममुळे अमेरिकेतल्या कंपन्या आणि ग्राहकांचं वर्षाचं नुकसान सुमारे २० अब्ज डॉलर. स्पॅमर आणि त्यांच्यामार्फत विकणारे व्यापारी यांची जगभरची कमाई सुमारे २० कोटी. शंभरास एक. त्यांची सगळी कमाई जप्त करून वाटली तरी रुपयाला पैसा मिळेल. पहिल्या ढिगाकडून भरपाई होणं अशक्यच, कारण ते लुटतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वाया घालवतात.

"मग दुसऱ्या ढिगाकडून घ्या. त्यांच्याकडे पैसे आहेत."

त्यांच्याकडून घेता येतील, हे मी मान्य केलं. पण ते पैसे देतील आणि येत राहतील. आपल्याला हवं आहे ते त्यांनी थांबणं.

सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तू म्हणतोस ते बरोबर असेल. पण पैसे मागितले की माणूस विचार करतो, नुसतं 'नको' म्हटलं की करत नाही." या म्हणण्यात तथ्य आहे. पाठवणाऱ्याचं काहीतरी पणाला लागायला हवं, यावर आमचं दुमत नाही. ते वाचणाऱ्याच्या खिशात पडायला हवं का, इथे आम्ही वेगळे.

उदाहरण म्हणून २०११ चा अभ्यास सांगितला: स्पॅममधून विकली जाणारी औषधं, नकली वस्तू आणि सॉफ्टवेअर यांपैकी ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्या बँकांमधून फिरत होते. हा निष्कर्ष आल्यावर लक्ष त्या बँकांकडे वळलं. २००८ च्या नोव्हेंबरात मॅककोलो या एकाच होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली तेव्हा जगातला स्पॅम एकदम निम्म्याहून खाली आला होता. तो पुढे परत चढला, पण दुखरी नस कुठे असते ते कळलं. या दोन्हींत वाचणाऱ्याला कुणी काही दिलं नव्हतं.

१२ मार्च

ठरलं. पैशांचं दार काढायचं.

पणाला लावायची वस्तू आता बाजारात तयार आहे: डोमेनची पत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल धाडणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० मेल म्हणजे मोठा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (त्या दोन तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम) तिन्ही हवेत, एका क्लिकवर नाव कमी करायची सोय हवी, नकार दोन दिवसांत पाळायला हवा, आणि 'स्पॅम' म्हणून तक्रार होण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या वर जाता कामा नये. गेलं तर इनबॉक्सचं दार बंद. दुसऱ्या ढिगातल्या कंपनीला अडीच सेंटांची भीती नाही, याची आहे.

यात मला एक गोष्ट खुपते, ती लिहून ठेवतो. ही अनामत जप्त करायचा हक्क दोन-चार प्रचंड कंपन्यांकडे आहे. आमच्यासारख्या लहान सर्व्हरवर कुणी 'स्पॅम' दाबलं तर पाठवणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. उलट आमचेच खरे मेल त्यांच्या फिल्टरमध्ये अडकतात आणि विचारायला माणूस सापडत नाही.

आपल्या हातात आहे ते करतोय. सगळ्या बाहेरच्या फॉर्मसाठी वेगवेगळे उपपत्ते: दर कंपनीला एक, आपल्याच डोमेनवर, एका बटणात तयार आणि एका बटणात बंद. पत्ता कुणी विकला तेही त्यावरून कळतं. अधिक-चिन्हाचा (नाव+दुकान@... असा) पत्ता वापरला नाही. बरेच फॉर्म ते चिन्ह नाकारतात, आणि यादी विकत घेणारे ते सरळ छाटतात. ज्या मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत) एका क्लिकचा नकार आहे तिथे 'नको' दाबलं की सर्व्हर स्वतः नकार कळवतो, आणि दहा दिवसांनंतरही मेल आला तर ते डोमेन संस्थेसाठी बंद. फसवणुकीच्या मेलमधल्या 'नाव कमी करा' दुव्याला मात्र हात लावायचा नाही. त्यातून पत्ता जिवंत असल्याचं त्यांना कळतं. म्हणून हे बटण डीकिमची सही जुळली तरच दिसतं.

पहिल्यांदाच लिहिणाऱ्या अनोळखी सर्व्हरला तात्पुरता नकार देऊन थोड्या वेळाने पुन्हा यायला सांगणं, म्हणजे ग्रेलिस्टिंग, चौकशीच्या पत्त्यावर चालू. खरा सर्व्हर परत येतो, त्याच्यामागच्या माणसाला काही करावं लागत नाही.

१८ मार्च

अनामत एका ठिकाणी ठेवली: हस्तलिखितांवर सविस्तर अभिप्राय मागण्यासाठीचा पत्ता. तिथे खरोखर कुणाचे तरी दोन-तीन तास मागितले जातात, आणि विनंती करणाराही यंत्र नसतो. फाल्मन यांची कल्पना या मापाला नीट बसते. अनामत थोडी मोठी, अभिप्राय गेला किंवा नकार कळवला की परत. जप्त करायचा अधिकार वाचणाऱ्याला नाही. दोघांनी मिळून ठरवायचं, आणि जप्त रक्कम संपादन विभागाकडे न जाता ग्रंथालयाकडे. विद्यार्थ्यांना अनामत माफ. ताईंनी खात्याला वेगळं पान दिलं.

सर म्हणाले, "म्हणजे शेवटी पैसे घेतोच आहोत." घेत नाही, धरून ठेवतोय, असं मी म्हणालो. त्यांना फरक पटला असं वाटलं नाही.

२६ मार्च

शिल्लक कामं. पावत्या आणि जाहिराती एकाच डोमेनवरून धाडणाऱ्या कंपन्यांना ताई पत्र लिहिणार आहेत, दोन्हींसाठी वेगळी उपडोमेनं ठेवा म्हणून. दोघांनी होकार कळवलाय, बाकीच्यांकडून उत्तर नाही. तिसऱ्या ढिगाला, म्हणजे नावानिशी पाठपुरावा करणाऱ्या विक्रेत्यांना, चांगला उपाय अजून सापडलेला नाही. ते थोडेच मेल धाडतात, सही नीट करतात, कुठल्याच टक्केवारीत येत नाहीत. सध्या एका ओळीचं ठरीव नकारपत्र बटणावर ठेवलंय, आणि नकारानंतरही लिहिलं तर तो पत्ता सगळ्या संस्थेसाठी बंद. विद्यार्थिनीने दाखवलेली चूक तपासली, तक्ता दुरुस्त करायला दिला आणि तिला तसं कळवलं. उपपत्त्यांचं बटण सहकारी पुढच्या आठवड्यात सगळ्यांना दाखवणार आहे.